पीसी भारी की कन्सोल? या वादातल्या दोन्ही पार्ट्यांच्या हातात एकाच मिस्त्रीचं बटण आहे

शाहू स्टेडियमवर मॅच संपली की कोल्हापुरातली पेठेतली पोरं घरी जाऊन परत फुटबॉलच खेळतात. फक्त या वेळी पायानं नाही, अंगठ्यानं. आणि तिथं दुसरी मॅच सुरू होते, जिचा निकाल आजवर लागलेला नाही.

एक गट कन्सोलवाल्यांचा. त्यांचं म्हणणं सरळ आहे. डबा आणा, टीव्हीला वायर लावा, रिमोट हातात घ्या आणि सोफ्यावर बसून खेळा. ड्रायव्हर टाका, सेटिंग बदला, रॅम वाढवा, असली डोकेदुखी नाही. चार मित्र आले तर चौघं एकाच टीव्हीसमोर बसतात.

दुसरा गट पीसीवाल्यांचा. त्यांच्या मते कन्सोल म्हणजे कुलूपबंद पेटी. आत काय आहे ते बदलता येत नाही, गेम महाग आणि बहुतेक गेम ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी वेगळी. उलट पीसीवर गेमही होतो, प्रोजेक्टही होतो, व्हिडिओ एडिटिंगही होतं. आज साधं ग्राफिक्स कार्ड घ्या, दोन वर्षांनी तेवढंच बदला. आणि नेमबाजीच्या गेममध्ये माऊसची सर रिमोटला येत नाही, हा शेवटचा ठोसा.

घरात मात्र प्रश्न एकच असतो. बाबांनी पन्नासेक हजारांचं बजेट दिलंय, त्यात काय घ्यायचं? प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलं तर कधी कधी तेवढे पैसे एकट्या कार्डालाच जातात. त्यामुळं हा वाद नुसता टाइमपास नाही, घरातल्या पैशाचा आहे.

बरं, हा वाद आजचाही नाही. १९८२ च्या आसपास अमेरिकेत कमोडोर कंपनी आपला घरगुती कॉम्प्युटर विकताना जाहिरातीत हाच मुद्दा मांडत होती. नुसता व्हिडिओ गेम कशाला घेताय, त्यापेक्षा कॉम्प्युटर घ्या, पोरगं गेमही खेळेल आणि शिकेलही. आज घराघरात आई-बाबांना हेच सांगून पीसी घेतला जातो.

आता गंमत बघा. कन्सोलचा रिमोट हातात घ्या. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं एक बटण असतं. पीसीवाल्यानं रेसिंग किंवा फुटबॉलसाठी वेगळा कंट्रोलर घेतला असेल, तर त्याच्यावरही ते असतं. लहानपणी टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटा फुंकून मारियो खेळला असाल, तर त्या रिमोटवरही ते होतं.

ते बटण या रूपात आणणाऱ्या माणसाचं नाव गुनपेई योकोई. त्यांना जाऊन आता पाव शतकाहून जास्त काळ झाला. पण मशीन ताकदवान असावं की स्वस्त आणि सोपं, या वादातला सगळ्यात कामाचा विचार त्यांच्याच आयुष्यात सापडतो. आणि तो विचार कधी फसतो, तेही तिथंच दिसतं.

पत्त्यांच्या कारखान्यातला मिस्त्री

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकले. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत नोकरी काही लागली नाही, आणि क्योटो सोडायचं मनात नव्हतं. १९६५ मध्ये गावातल्याच एका कंपनीत ते चिकटले. कंपनीचं नाव निन्टेंडो.

तेव्हा निन्टेंडो म्हणजे व्हिडिओ गेम नव्हे. १८८९ पासून ही कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवत होती. योकोईंचं काम होतं पत्ते तयार करणाऱ्या मशिनींची देखभाल. मशीन चालू असेल तर त्यांना काम नाही, बंद पडलं तर धावायचं. आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही शॉपमध्ये असा एक माणूस असतोच. त्याला सगळ्या मशिनींची नाडी कळते आणि रिकाम्या वेळात त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत.

योकोईंचेही बसले नाहीत. कारखान्यातली लेथ आणि हाताशी असलेलं सामान वापरून त्यांनी एक खेळणं बनवलं. जाळीच्या दारासारख्या एकमेकांत अडकलेल्या पट्ट्या, मागची मूठ दाबली की पट्ट्या पुढं पसरतात आणि टोकाचा चिमटा लांबची वस्तू पकडतो. कंपनीचे मालक हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारत असताना त्यांना हे दिसलं. त्यांनी ऑफिसात बोलावलं तेव्हा योकोईंना वाटलं, कामाच्या वेळेत खेळत बसलो म्हणून आता आपली खरडपट्टी निघणार. झालं उलटंच. यामाउचींनी ते खेळणं बाजारात आणायला सांगितलं.

१९६६ मध्ये ते अल्ट्रा हँड नावानं आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. मशिनी दुरुस्त करणारा माणूस नवी खेळणी काढायच्या कामाला लागला.

पुढं १९६९ मध्ये लव्ह टेस्टर आला. मुलानं आणि मुलीनं एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात यंत्राची मूठ धरायची, आणि काटा सांगणार तुमचं प्रेम किती. आत काय होतं? शरीरातून जाणारा अगदी बारीकसा विद्युतप्रवाह मोजणारं साधं मीटर. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसंच. यंत्रात नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की हात धरायला कारण मिळालं.

मग प्रकाशावर चालणारी बंदूक आली. त्यासाठी सौर सेल वापरले गेले. बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये याच कल्पनेवर नेमबाजीची केंद्रं उघडली गेली. पण १९७३ च्या तेलसंकटानं लोकांचे खिसे रिकामे झाले, ऑर्डरी रद्द झाल्या आणि निन्टेंडो कर्जात बुडाली. योकोईंच्या वाट्याला फक्त यश आलं असं समजू नका.

कॅल्क्युलेटरमधून निघालेला गेम

सत्तरच्या दशकात जपानमध्ये कॅल्क्युलेटरची लढाई सुरू होती. शार्प आणि कॅसिओ या कंपन्या एकमेकींच्या किमती पाडत होत्या. त्या नादात एलसीडी पडदा आणि छोट्या चिपा इतक्या स्वस्त झाल्या की त्यांचं कौतुक संपलं.

योकोईंचं लक्ष तिथंच गेलं. ते बुलेट ट्रेननं चालले होते. समोर एक कंटाळलेला नोकरदार माणूस बसला होता, तो वेळ जायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत होता. योकोईंच्या डोक्यात आलं, खिशात मावणारा आणि चारचौघांत लाज न वाटता खेळता येणारा गेम का नको?

ही कल्पना मालकांपर्यंत पोचली तो किस्सा भारी आहे. एके दिवशी यामाउचींचा ड्रायव्हर आला नाही. गाडी डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची. ती चालवता येणारा माणूस हाताशी होता तो म्हणजे योकोई. मालकांना मीटिंगला सोडताना गप्पांत त्यांनी कल्पना सांगून टाकली. यामाउची फारसं काही बोलले नाहीत. पण मीटिंगमध्ये ते शार्पच्या प्रमुखांशेजारी बसले आणि तिथं विषय निघाला. थोड्याच दिवसांत शार्पची माणसं निन्टेंडोत हजर.

एप्रिल १९८० मध्ये गेम अँड वॉच आला. एका यंत्रात एकच गेम, वर घड्याळ. पडद्यावरची चित्रं कॅल्क्युलेटरच्या आकड्यांसारखीच आधीच ठरलेली, फक्त उजळायची आणि विझायची. या मालिकेची मिळून ४ कोटी ३४ लाख यंत्रं विकली गेली.

याच मालिकेत १९८२ मध्ये डाँकी काँगची आवृत्ती आली. मूळ गेम दुकानातल्या मोठ्या मशिनीवरचा, शिगेरू मियामोतो या तरुण डिझायनरनं योकोईंच्या देखरेखीखाली केलेला. त्यात पात्राला वर-खाली, डावी-उजवीकडं हलवावं लागायचं. मोठ्या मशिनीला दांडा असतो, पण खिशातल्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या यंत्राला दांडा लावणार कुठं?

योकोईंनी चार दिशांचं एकच सपाट बटण केलं. अधिकच्या चिन्हाच्या आकाराचं. बघायची गरज नाही, अंगठ्याला आपोआप कळतं आपण कुठल्या दिशेला आहोत. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलच्या रिमोटवर ते आलं आणि मग जगभर गेलं. आपल्याकडचे टीव्ही गेम हे बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. म्हणजे महाद्वार रोडच्या गर्दीतून हट्ट करून आणलेल्या टीव्ही गेमबरोबर योकोईंचं बटण आपल्या घरी आलं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

कोमेजलेलं तंत्रज्ञान, आडवा विचार

हे सगळं योगायोगानं होत नव्हतं. योकोईंचं एक ठरलेलं सूत्र होतं. जपानी शब्दांचा जवळचा अर्थ होतो, कोमेजलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. कोमेजलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. जे बाजारात मुरलंय, ज्याच्या सगळ्या खोड्या कळल्यात, जे स्वस्त झालंय आणि कुठंही मिळतं, ते. आडवा विचार म्हणजे ते ज्या कामासाठी बनलं, त्याच्यापेक्षा वेगळ्याच कामाला लावणं. कॅल्क्युलेटरचा पडदा गेमला, प्रयोगशाळेचं मीटर प्रेमाला.

मशीन जितकं ताकदवान तितका गेम भारी, हे पीसीच्या जगातलं गणित इथं उलटं होतं. योकोईंच्या मते खेळणाऱ्याला मजा हवी असते, आणि सगळ्यात नवीन चिप म्हणजे मजा नव्हे.

या सूत्राची मोठी परीक्षा १९८९ मध्ये झाली.

काळपट-हिरवा पडदा आणि रंगीत प्रतिस्पर्धी

२१ एप्रिल १९८९ ला गेम बॉय जपानमध्ये विक्रीला आला. कागदावर बघाल तर दया येईल. पडदा रंगीत नाही, हिरवट-राखाडी रंगाच्या फक्त ४ छटा. आत दिवा नाही, त्यामुळं अंधारात दिसत नाही. पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके. रॅम ८ किलोबाइट.

त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला. रंगीत पडदा, आत दिवा, ताकद कितीतरी जास्त. १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. दोघांच्या शेजारी गेम बॉय म्हणजे जुन्या बाजारातला माल वाटायचा.

पण लिंक्सला ६ सेल लागायचे आणि चार-पाच तासांत ते मान टाकायचे. गेम गिअरचंही तसंच. गेम बॉय ४ सेलवर १० तासांहून जास्त चालायचा. अमेरिकेत तो सुमारे ९० डॉलरला मिळत होता, लिंक्स सुमारे १८० डॉलरला. पोरांना सेल विकत घ्यायला पैसे कोण देणार, हा प्रश्न फक्त योकोईंनी विचारात घेतला होता. प्रतिस्पर्धी कंपनीचं यंत्र रंगीत आहे हे कळल्यावर ते घाबरले नाहीत, उलट निश्चिंत झाले, असं सांगितलं जातं. रंगीत पडदा किती बॅटरी खातो ते त्यांना माहीत होतं.

रंगाबद्दल त्यांचा विचार वेगळा होता. काळ्या-पांढऱ्या चित्रात बर्फाचा माणूस काढला, तरी बघणाऱ्याला तो बर्फासारखा पांढराच दिसतो. उरलेला रंग माणसाचं डोकं भरतं. गेममध्ये एकदा गुंतलं की पडद्याचा विसर पडतो.

इथं एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. गेम बॉय एकट्या योकोईंचा नव्हता. त्यांचे सहकारी सातोरु ओकादा यांचा यंत्रावर मोठा वाटा होता. योकोईंना ते गेम अँड वॉचसारखं स्वस्त खेळणं हवं होतं. ओकादांचा आग्रह होता की गेम बदलता यावेत आणि बाहेरच्या कंपन्यांनाही त्यासाठी वर्षानुवर्षं गेम बनवता यावेत. म्हणजे यंत्र साधं असावं की वाढत जाणारं, हा वाद तेव्हा निन्टेंडोच्या आतच चालला होता. ओकादांचं बरंचसं ऐकलं गेलं आणि तेच गेम बॉयच्या पथ्यावर पडलं.

त्याहून मोठी गंमत पुढं आहे. गेम बॉयला खरं नशीब दिलं ते टेट्रिसनं. आणि टेट्रिस हा जन्मानं कॉम्प्युटरवरचा गेम. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तो इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या सोव्हिएत कॉम्प्युटरवर लिहिला होता. त्या कॉम्प्युटरला धड चित्रंही काढता येत नव्हती, विटांच्या जागी कंस वापरावे लागले. हेंक रॉजर्स या माणसानं त्याची ताकद ओळखली, हातात मावणाऱ्या यंत्रासाठीचे हक्क मॉस्कोत जाऊन मिळवले आणि अमेरिकेत गेम बॉयबरोबर टेट्रिस फुकट देण्यात आला. पडणाऱ्या विटांना रंग लागत नाही, वेगवान चिप लागत नाही. आपल्याकडं जत्रेत, एसटी स्टँडवर मिळणारे ब्रिक गेम याच जोडीची नक्कल होते.

गेम बॉय आणि नंतरचा गेम बॉय कलर मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख यंत्रं विकली गेली. लिंक्स आणि गेम गिअर कधीच मागं पडले.

आणि मग व्हर्च्युअल बॉय

इथवरची गोष्ट वाचून कुठलाही कन्सोलवाला पीसीवाल्याला डिवचायला निघेल. पण थांबा, विषय अजून संपलेला नाही.

१९९५ मध्ये योकोईंचं पुढचं यंत्र आलं, व्हर्च्युअल बॉय. डोळ्यांना लावून बघायचा, खोली जाणवणारा त्रिमितीय गेम. आजच्या व्हीआरचा पूर्वज म्हणा. इथंही स्वस्त आणि मुरलेला भाग निवडला गेला, लाल एलईडी. कमी किंमत, कमी वीज. म्हणून पडद्यावर दोनच रंग, लाल आणि काळा.

गणित या वेळी चुकलं. यंत्र नावाला उचलून नेण्यासारखं, पण टेबलावर ठेवून मान वाकवून बघावं लागायचं. लाल रेषांनी डोळे दुखायचे, डोकं जड व्हायचं. खेळणाऱ्याला काय दिसतंय ते शेजारच्याला दिसत नाही, त्यामुळं चार पोरं जमून बघणंही नाही. एका वर्षाच्या आत ते बंद झालं. विक्री ८ लाखांच्याही आत राहिली.

सूत्र तेच होतं, मग असं का झालं? गेम बॉयमध्ये स्वस्त पडद्यामुळं जे गमावलं, ते खेळणाऱ्याला जाणवत नव्हतं. व्हर्च्युअल बॉयमध्ये ते थेट डोळ्यांत टोचत होतं. काही कल्पनांना खरोखरच ताकदवान मशीन लागतं. व्हीआरला चांगला पडदा आणि वेगवान चिप लागते, आणि तो पुन्हा उभा राहिला तो कितीतरी वर्षांनी, तगड्या पीसींच्या जोरावर. पीसीवाल्यांचा मुद्दा इथं सोळा आणे खरा आहे.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर योकोईंनी निन्टेंडो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळं त्यांना बाहेर पडावं लागलं अशी चर्चा झाली. त्यांनी ती नाकारली, स्वतःचं काहीतरी करायचं आधीपासून मनात होतं असं त्यांचं म्हणणं होतं. जाण्याआधी त्यांनी गेम बॉय पॉकेट मार्गी लावला. आणखी छोटा, आणखी स्पष्ट पडद्याचा.

क्योटोतच त्यांनी कोतो नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली. बांदाई कंपनीसाठी एका नव्या यंत्रावर काम सुरू झालं. पण ते पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलं नाही. ४ ऑक्टोबर १९९७ ला जपानच्या होकुरिकू एक्स्प्रेस वेवर त्यांच्या गाडीचा छोटा अपघात झाला. काय झालंय ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं त्यांना धडक दिली. वय होतं ५६.

ते यंत्र १९९९ मध्ये वंडरस्वान नावानं बाजारात आलं. किंमत ४,८०० येन, पडदा पुन्हा काळा-पांढरा, आणि चालायला लागायचा फक्त १ सेल. त्याच्यासोबत आलेल्या एका कोडे-गेमचं नाव होतं गुनपेई.

मग पन्नास हजारांत काय घ्यायचं?

योकोई गेले, पण सूत्र राहिलं. निन्टेंडोचा वी २००६ मध्ये आला तेव्हा समोरच्या कन्सोलपेक्षा ताकदीनं कमी होता, तरी १० कोटींहून जास्त विकला गेला. २०१७ चा स्विच दोन वर्षं जुन्या चिपवर आला आणि १५ कोटींच्या पुढं गेला. पीसीवालेही या वाटेवर आहेत. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा पीसी आहे, आणि त्याच्या डाव्या बाजूला तेच अधिकच्या चिन्हाचं बटण आहे. जुनं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात घेऊन त्यावर आवडता गेम पळवणारा पोरगाही नकळत योकोईंच्याच विचारानं चाललेला असतो.

त्यामुळं पुढच्या वेळी कट्ट्यावर हा वाद पेटला, तर कोणाचं मशीन किती ताकदवान हा प्रश्न थोडा मागं ठेवून बघा. तुम्ही नेमका कुठला गेम खेळणार आहात? कोणाबरोबर खेळणार आहात? पुढच्या चार वर्षांत त्यावर आणखी किती खर्च करायची तयारी आहे? आणि जी कमतरता सोसणार आहात, ती खेळताना विसरली जाईल की डोळ्यांत टोचेल?

पेठेतले चार मित्र रविवारी टीव्हीसमोर जमणार असतील, तर कन्सोल घ्या आणि दुसरा कंट्रोलर आधी घ्या. कॉलेजचं कामही त्यावरच करायचंय, नेमबाजीचा नाद आहे, सुटे भाग बदलायची खाज आहे, तर पीसी जोडा. आणि सध्या बजेटच नसेल, तर माळ्यावरचा जुना टीव्ही गेम काढून एकदा धूळ झटका. चालू झाला तर अंगठा आपोआप त्या अधिकच्या चिन्हावर जाईल.